ओळंब्याचा संशय

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. गवंड्याच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी एका लेथवाल्याने मला घडवलं. वर दोरी, खाली वजन आणि टोक, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझा जन्मच संशय घेण्यासाठी झाला. भिंत कितीही देखणी असो, मी तिच्या शेजारी लटकतो आणि गुपचूप तिची चुगली करतो.

माझा गवंडी माझ्याहून संशयी. वाळू आली की मुठीत चोळून बघायचा, मजूर हसला की मागे वळून बघायचा. त्यात जावई मिळाला चित्रकलेचा मास्तर. गवंड्याच्या जिवाला घोरच लागला. पुढे नवा ओळंबा घेतला, तेव्हा त्याने मला जावयाच्या हातावर ठेवलं.

“घ्या जावईबापू. तुमची चित्रातली माणसं तरी सरळ उभी राहतील.”

टोमणा होता तो. पण मास्तरांनी मला खरंच कामाला लावलं. समोर माणूस उभा करायचे, मला हातभर दूर धरायचे, एक डोळा मिटून दोरी त्याच्या गळ्याखालच्या खळगीवर आणायचे. भार दोन्ही पायांवर असेल, तर दोरी पावलांच्या मध्ये पडते. एकाच पायावर असेल, तर त्या घोट्यावर. वर्गातली मुलं त्यावरून आकृती बेतायची. वाहवा त्यांची व्हायची, मी खिळ्यावर.

एकदा उभा राहणारा माणूस आलाच नाही. वर्गाच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचा होता, म्हणून गवंडी आला होता. वर चढायला बांबूंची परांची बांधून तयार होती. मास्तर म्हणाले, “मामा, जरा उभे राहता का?”

“मी? आणि यात तुमचा काय डाव?” असं म्हणत तो उभा राहिला.

मास्तरांनी मला धरलं. दोरी थेट उजव्या घोट्यावर पडली. उजवं कंबरेचं हाड वर, उजवा खांदा खाली.

“मामा, दोन्ही पायांवर भार घ्या.”

“घेतलाय की! ओळंबा बिघडवलाय तुम्ही. नाहीतर पंख्याचा वारा असेल.”

पंखा बंद केला. तरी तेच. मग त्याने मला हिसकावलं, दाराच्या चौकटीला लावलं, पालटून दुसऱ्या बाजूने लावलं. चौकट सरळ, मी सरळ. मग तो मुलांच्या कागदांकडे वळला. कुणी समोरून काढलं होतं, कुणी पाठीमागून. सगळीकडे तोच कललेला म्हातारा.

“सगळ्यांना फितवलंय!” तो ओरडला आणि परांचीकडे निघाला.

दारात त्याची थोरली लेक डबा घेऊन उभी होती. तो जिना चढताना भिंत धरतो, हे तिने केव्हाच हेरलं होतं.

“बाबा, भिंत कलली तर तुम्ही काय बघता?”

“पाया.”

“मग दाखवा पाय.”

मुलं हसली. तो हसला नाही. मग खुर्चीत बसून त्याने विजारीचा डावा पाय वर केला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“सांगितलं असतं, तर वर चढू दिलं असतं का तुम्ही?”

त्या दिवशी परांचीवर दुसराच गवंडी चढला. हा खाली बसून त्याचं काम वाकडं असल्याचं ओरडत राहिला. आधी मला वाटलं, नाटक करतोय, सगळे पांगले की चढेल. पण लेक डबा उघडून शेजारीच बसली होती.

मित्रांनो, कुणी तिरकं उभं दिसलं, तर “सरळ उभा राहा” म्हणून मोकळे होऊ नका. कुठे दुखतंय, ते विचारा. आणि “काही नाही” असं उत्तर आलं, तर त्यावर खुशाल संशय घ्या.

थोरल्या नातीची शाळा सुरू झाली, त्या वर्षीच्या थंडीत माझा गवंडी वारला. परांचीवरून पडून नव्हे, घरी, झोपेत.