वैद्यबुवांची फेरी

सातवं संत्र्याचं झाड वाळलं त्या सकाळी सासऱ्याचं आणि सुनेचं बागेतच वाजलं.

"तुझे जिवाणू झोपलेत," म्हातारा म्हणाला. "पंधरा दिवस बादल्या ओततोय. नुसते बसून खातायत, जावयासारखे."

"ते पहारेकरी आहेत, मामंजी. मुळाभोवती बसतात, बुरशीला आत शिरू देत नाहीत. एकदा ती आत शिरली की त्यांचा इलाज चालत नाही."

सून शेतकी शाळेत शिकलेली. जिवाणूंची पावडर तिनेच आणली होती. पाण्यात कालवून प्रत्येक झाडाच्या बुडाशी ओतायची. म्हाताऱ्याला अख्खं गाव वैद्यबुवा म्हणायचं. माणसाला त्याने कधी खोकल्याची गोळीही दिली नव्हती, पण झाडांची नाडी बघायचा. रोज सकाळी बुडाशी माती उकरायची, कमरेचा चाकू काढून मुळाची साल खरवडायची. आत पांढरं दिसलं तर झाड ठणठणीत. तपकिरी, ओलं आणि कुबट वासाचं निघालं तर आटोपलं. मग चाकू सदऱ्याला पुसून पुढचं झाड. या बत्तीस झाडांपलीकडे त्याला जगात काही काम उरलं नव्हतं.

आभाळ आठवडाभर डोक्यावर टेकलं होतं. माती चिकट, गार. वाळलेल्या झाडाची फळं मात्र फांदीला तशीच लोंबत होती, कुणी निरोप द्यायचा विसरल्यासारखी.

सून मेलेल्या झाडांकडे बघत राहिली.

"मामंजी, पाणी विहिरीकडून खाली वाहतं ना? मग खालची झाडं आधी जायला हवीत. पण आधी गेली ती वरच्या फाटकाजवळची. मग तंबाखू मळायला तुम्ही टेकता ते. मग तुमच्या फेरीतली पुढची."

"मग?"

"ही पाण्याची वाट नाही. तुमची आहे. चाकू बघू."

तिने पातं नाकाशी नेलं. मुठीच्या खाचेत काळपट चिखल बसला होता. कुबट वास आला.

"आम्ही दारात पहारा बसवतो," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही भिंतीला भोक पाडून चोराला आत सोडता. रोज."

वैद्यबुवा चाकू परत घेऊन सवयीने सदऱ्याला पुसायला गेले आणि मध्येच थांबले.

न्याहारी घेऊन आलेल्या सासूने सगळं ऐकलं होतं. तिने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथलं झाड गर्द हिरवं होतं. फळं आंबटढाण, म्हणून म्हाताऱ्याने जन्मभर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तेवढं एक तरी यांच्या मायेतून सुटलं."

सून हसली. म्हातारा हसला नाही.

"काल बघितलं मी त्याला."

"काय?"

"सगळीच चाललीत. म्हटलं, याची कधी विचारपूस केली नाही. चांगलं खोलवर बघितलं."

सून बादली घेऊन पळाली. बुडाशी जिवाणूंचं पाणी ओतलं, माती हाताने दाबली आणि गुडघ्यावर बसून राहिली.

"आधी कोण पोचलं असेल?" म्हाताऱ्याने विचारलं. "तुझे जिवाणू की बुरशी?"

"कळेल महिन्याभरात."

"जरासं उकरून बघितलं तर आत्ताच..."

"मामंजी!"

तो झाडासमोर मातीत बसला. वारा पडलेला होता. तरी शेंड्याचं एक पान हललं. वैद्यबुवांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि घट्ट दाबून धरले.