शेंदूर फासलेली रिंग

मित्रांनो, आकाशपाळणा वर गेला की तुम्ही खालची माणसं बघून ओरडता. पण पाळण्याच्या मधोमध, आसाकडे कधी बघितलंय? तिथे पत्र्याच्या डबीत मी बसलेली असते. मी पाळणेवाल्या कल्याणशेठची जुनी स्लिप रिंग. मला आजवर कुणी टाटा केलेला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही.

माझं काम नीट ऐका. पाळणा सारखा फिरतो, आणि त्याच्यावरचे दिवे तर पेटले पाहिजेत. सरळ वायर नेली तर ती आसाभोवती गुंडाळत जाऊन तुटेल. म्हणून माझी पितळी कडी आसाबरोबर फिरतात, आणि जागेवर बसलेले कोळशाचे तुकडे स्प्रिंगच्या जोराने त्यांना टेकून राहतात. त्यांना ब्रश म्हणतात. वीज कोळशातून पितळेत येते, पितळेतून दिव्यांत जाते. नगरच्या एमआयडीसीत लेथवर मला कातलं, तेव्हापासून हे मला जमतं. संगमनेरपासून अकोल्यापर्यंत मी जत्रा उजळल्या. कौतुक दिव्यांचं झालं. होऊ दे.

यंदा काष्टीच्या जत्रेत पाळण्याची जोडणी चालली होती. आस अजून जमिनीवरच होता. तेवढ्यात कल्याणची आई, आक्काबाई, पूजेचं ताट घेऊन आली. नारळ फोडला, तिथवर ठीक. मग तिने डबी उघडली.

"ह्योच पाळण्याचा जीव हाय," असं म्हणत तिने माझ्या कड्यांना तेलात कालवलेला शेंदूर चांगला जाड फासला.

मित्रांनो, तेलाच्या थरातून वीज जात नाही. संध्याकाळी दिवे लागले आणि लगेच डोळे मिचकावायला लागले.

"कल्याणशेठ, पाळण्याला डुलकी लागली का?" खालून एकाने टोमणा मारला.

कल्याण चिडला. "म्हातारी झाली ही रिंग! हिच्यात जीवच न्हाई."

"अवो, डबी उघडून बघा तरी," त्याची बायको निकिता म्हणाली.

"बघाया टाइम कुठंय? लाइन लागलीया."

त्याने डबी न उघडता मला बाहेरच्या बाहेर वगळलं आणि सरळ वायर जोडून टाकली. "थोड्या फेऱ्या सुलट, तेवढ्याच उलट. गुंडाळली तशी उलगडंल!"

हा त्याचा शहाणपणा! दिवे झगमगले, गर्दी वाढली, कल्याण माईकवर गिऱ्हाइकं बोलवायला लागला आणि उलट फेऱ्या विसरला. वायर माझ्या डबीवरच आवळत गेली. लोखंडाच्या कडेवर तिचं रबर सोलत होतं. आतली तार उघडी पडून लोखंडाला टेकली असती, तर सगळ्या पाळण्यात वीज उतरली असती. वर बसलेल्या पोरांच्या मुठीत लोखंडीच दांडे होते. मला दिसत होतं. ओरडता येत नव्हतं.

तिकिटं फाडता फाडता निकिताने वर बघितलं. वायर ताठ झालेली तिला दिसली.

"मेन पाडा! अवो, मेन!"

कल्याणला माईकच्या आवाजात ऐकू गेलं नाही. तिने तिकिटं तिथंच टाकली, धावत जाऊन स्वतःच मेन पाडला. पाळणा थांबला. हाताने ओढून एकेक बैठक खाली आणली, माणसं उतरवली.

मग तिने शिडी लावून डबी उघडली आणि माझ्यावर फडकं फिरवलं. फडकं लालभडक.

"आत्याबाई, ह्यो शेंदूर कुनी लावला?"

"म्या. देव म्हनून लावला. चुकलं का गं?"

"देव खरा, पन त्याचं नाक-तोंड बंद केलं की तुमी."

तिने मला पेट्रोलने पुसलं, पॉलिश पेपर मारला, वारं लागू दिलं, कड्यांवर ब्रश टेकवले. ती सरळ वायर काढून फेकली, माझी पुन्हा जोडली. मेन चालू केला. दिवे लागले ते लागले, मिचकावणं बंद.

"मला वाटलं, हिच्यात जीव न्हाई," कल्याण पुटपुटला.

"हिच्यात हुता. तुमच्या डोक्यात न्हवता."

मित्रांनो, मला राग शेंदराचा नाही, आळसाचा आहे. "म्हातारी झाली" म्हणायला जीभ तयार, डबी उघडायला हात नाही! मी म्हातारी नाही, मळलेली होते. मळ पुसा, झिजलेला ब्रश बदला, तुमची पोरंबाळंसुद्धा मी उजेडात फिरवीन. तुम्ही स्वतः मला हात लावू नका. पण बसण्याआधी पाळणेवाल्याला बेधडक विचारा, "काका, डबी शेवटची कधी उघडली?" तो चिडला, तर बसू नका.

आक्काबाई आता कुंकू डबीच्या झाकणाला लावते. आणि तिच्या ताटात नारळाशेजारी जुन्या लुगड्याचं एक धुतलेलं, कोरडं फडकं असतं.