सासूबाईंची तब्येत

सासूबाई वारल्या त्या थोरल्या मुलाकडे, दुसऱ्या गावी. इकडच्या डॉक्टरांना आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला कळवायचं राहून गेलं. आधी खरोखरच राहून गेलं, मग राहू दिलं.

जावई कवळ्या बनवायचा. दिवसभर मान खाली घालून मेणात दात रोवता रोवता मानेचा पार खुळखुळा झाला होता. सासूबाईंच्या खुब्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या अफूच्या घराण्यातल्या. त्यातली एक त्याने कधीतरी घेतली आणि आपल्याला मान आहे हेच तो विसरला. त्या गेल्यावर मागे राहिलेल्या गोळ्याही संपल्या, तेव्हा तो रिकामं पाकीट घेऊन मेडिकलमध्ये गेला.

"सासूबाई कशा आहेत?" मेडिकलवाल्याने विचारलं.

"तशाच."

हे खोटं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तब्येतीत चढउतार होत नाहीत.

पण माणूस जिवंत ठेवायचा म्हटलं की त्याची उस्तवार आली. पुढची चिठ्ठी देण्याआधी पेशंटशी फोनवर बोलायचंय, असं डॉक्टर म्हणाले. जावयाने मागच्या खोलीचं दार लावलं आणि तो सासूबाई झाला. फारसं जड गेलं नाही. त्यांची कवळी त्यानेच केली होती. पुढच्या दोन दातांत फट राहिली होती आणि तिच्यातून त्यांचा प्रत्येक 'स' शीळ घालत बाहेर पडायचा. त्या फटीवरून त्यांनी त्याला इतके टोमणे मारले होते की आवाज पाठच होता. सासूबाईंनी खुब्याचं असं वर्णन केलं की डॉक्टरांनी डोस वाढवला. जाता जाता सासूबाईंनी जावयाला नावंही ठेवली. ती मात्र त्याने ठरवलेली नव्हती.

पुढे फोन नसतानाही मागच्या खोलीत बोलणं होऊ लागलं. एका दुपारी तो दार उघडून बाहेर आला, तर बायको दाराशी भिंतीला टेकून शेंगा निवडत बसलेली. आता सगळं बाहेर येणार, म्हणून तो जागीच थिजला.

"आज आई चिडली होती का हो?" तिने विचारलं.

"कोणावर?"

"तुमच्यावर. आणखी कोणावर चिडणार ती?" तिने एक शेंग मोडली. "उद्या तिला जरा दाराजवळ बसून बोलायला सांगा. इथे नीट ऐकू येत नाही."

दुसऱ्याच दिवशी तो व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सासूबाईंच्या नावावरच्या गोळ्यांचं सगळं सांगून मोकळा झाला. दुकानदाराने पडद्याची कापडं उलगडावीत तसे त्यांनी उपाय मांडले. वॉर्डात भरती होऊन अंगातलं काढायचं, मग जिभेखाली विरघळणारं बदली औषध. किंवा डोस हळूहळू उतरवायचा, पण गोळ्या घरच्या माणसाच्या ताब्यात.

घरचं माणूस दाराशी बसून काय ऐकत होतं ते आठवून त्याने विचारलं, "आणि आपलं आपणच एकदम बंद केलं तर?"

"नका करू. अंग सोलून निघतं, माणूस पुन्हा गोळीकडे धावतो. तोवर जुना डोस झेपेनासा झालेला असतो. त्यात मरतात." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही भरतीच व्हा. पण आधी तो नळ बंद करा. सासूबाई वारल्या हे त्यांच्या डॉक्टरांना स्वतः सांगा."

"म्हणजे त्यांना मारायचं."

"वारल्यात ना?"

"हो, हो. केव्हाच."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"महिनाभर थांबलं तर नाही चालणार?"

"महिनाभर थांबलो तर मीही सासूबाईंकडेच असेन."

तिने त्याची बॅग भरली. मग म्हणाली, "तुमचा आवाज काही मला काढता यायचा नाही." आणि फोन आणून त्याच्या हातात दिला.

"डॉक्टर, एक वाईट बातमी होती. आमच्या सासूबाई..."

पुढचं वाक्य तोंडातून आलं ते शीळ घालत. "जावयाचं काही ऐकू नका, डॉक्टर. सारखं दुखतंय. सोसवत नाही हो." त्याने जबडा हाताने दाबून धरला. जबडा चालूच राहिला. समोर बायको डोळे मिटून ऐकत होती. आईचं बोलणं संपेपर्यंत तिने ऐकलं. मग फोन काढून घेतला.

"मी मुलगी बोलतेय. आई वारली. हिवाळ्यातच."

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "अहो, पण आत्ता तर त्याच बोलत होत्या."

"हो, ऐकलं मी. आता चिठ्ठी देऊ नका."

तिने फोन ठेवला, भरलेली बॅग उचलली. तो चपला घालत असताना त्याच्या तोंडाने बारीक आवाजात विचारलं, "अगं, मला कुठे नेतेस?"

"दवाखान्यात, आई," ती म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून दाराबाहेर पडली.