कोटाची काजं

"दुखेल तिथं थांबायचं, मास्तर. पण सुई तुम्हीच धरायची." कोट हातात देताना फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावलं होतं. ते आठवलं आणि शिंपी मास्तरांनी दोन्ही हात हळूच खिशात घातले.

समोर ती तोच पांढरा कोट खिडकीशी धरून काजांवरून नख फिरवत होती. विषाणूचा ताप केव्हाच उतरला होता, पण जाताना मास्तरांची बोटं आखडून गेला होता. शिंप्याचा हात शिवूनच सुटेल, म्हणून तिनं व्यायामाला स्वतःचाच कोट काजं करायला दिला होता.

"एक दोरा निसटलेला नाही! दुखलं नाही?"

"थोडंसं," मास्तर म्हणाले.

बाकावर इतर पेशंटांसोबत बसलेल्या बायकोनं सुईनं टोचलेलं बोट मुठीत मिटलं.

"मग आता यायची गरज नाही. तुमची वेळ दुसऱ्या कुणाला देते." आनंदानं तिनं मास्तरांचा हात खिशातून ओढून दाबला. कळ कोपरापर्यंत गेली. मास्तर हसले.

दुकानात आल्यावर बायको सुईत दोरा ओवायला बसली.

"बरे झालात म्हणे. पुढचा कोट आला की मी आपली पाय पसरून बसणार."

मास्तर कात्री पुसत राहिले.

"आणि माझं काज म्हणजे उंदरानं कुरतडलेलं, असं कोण म्हणायचं हो? तिला तर बाई आवडलं."

मास्तरांची मान खाली गेली. आयुष्यभर त्यांनी तिला काजांना हात लावू दिला नव्हता. सुई पुन्हा पुन्हा बोटांतून गळाली, तेव्हा मात्र कोट मुकाट्यानं तिच्या मांडीवर टाकला होता.

बायकोचा आवाज खाली आला. "उपचार सुटला की हो. हात असेच राहिले तर?"

"उद्या जाऊन सांगतो तिला. काजं कुणाची ते."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोरच खोटं बोललो ना."

सकाळी बायको रोजच्यासारखी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला पुढे आली.

"राहू दे," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

बटण बोटांत येई, काजाच्या तोंडाशी जाई आणि सटके. चहावर साय धरली. बायको भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मोकळे ठेवले असते तर ते आपोआप धावले असते. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. अखेर ते उठले, तेव्हा कॉलरची एक बाजू कानाकडे चढली होती.

"अहो, एक बटण चुकून खालच्या..."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी चपला पायात सरकवल्या, दार अलगद ओढून घेतलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले.