धर्म संकीर्ण, विज्ञान संकीर्ण

उद्या सकाळी आमच्या घरात भिंत बांधायला गवंडी येणार होता. बैठकीच्या खोलीत, बरोब्बर मधोमध. कारण काय, तर बाबा आणि काका. सख्खे भाऊ, दोघंही निवृत्त, दोघांनाही दुसरा उद्योग नाही. बाबा विज्ञानाचे मास्तर होते, काका प्रार्थना चुकली तर जेवत नाहीत. दोन वर्षं झाली, एकमेकांशी सरळ शब्द नाही. "तुझ्या काकाला सांग, मीठ इकडे सरकव." अहो, काका हातभर अंतरावर बसलेत! "आम्ही जावा असून भांडत नाही," आई आणि काकू म्हणतात, "ह्यांनाच काय धाड भरलीय?" भिंत झाली की स्वयंपाकघर काकूकडे जाणार, नळ आमच्याकडे. मग चहा करायचा कुठे, ते मात्र दोघांपैकी एकही सांगत नाही.

आणि हे सगळं दोन पुस्तकांवरून!

मी वाचनालयात पुस्तकं शिवते, पुठ्ठे चढवते. त्या दुपारी माझ्या टेबलावर दोन फाटकी पुस्तकं आली, दोन्ही वाचनालयाचीच, पण आमच्या घरून परत आलेली. 'धर्म, संकीर्ण' बाबांनी नेलेलं. ते मुद्दाम वैऱ्याच्या, म्हणजे धर्माच्या, कपाटात दारूगोळा शोधायला गेले होते. त्यात दूरच्या एका ग्रहावर हवामान सांगणारं यंत्र बंद पडतं आणि पुजारी त्यालाच देव करतात. 'विज्ञान, संकीर्ण' काकांचं. तेही वैऱ्याच्याच कपाटातलं. त्यात शास्त्रज्ञ एका बंद यंत्राभोवती बसून 'हे बंद असूच शकत नाही' असं सिद्ध करायला चाळीस समित्या नेमतात. जेवताना बाबा आपलं वाचून दाखवणार, काका आपलं. दोघांचा दावा एकच, लेखक माझ्या बाजूचा. परवा ताटं आपटली आणि गवंड्याला बोलावणं गेलं.

खळ लावायला जुने पुठ्ठे काढले आणि हात थांबला. दोन्हीत हिरवा दोरा. हिरवा दोरा इथे फक्त मी वापरते. बाबांच्या पुस्तकाचं शेवटचं पान दोनशे बारा, तेही अर्ध्या वाक्यात तुटलेलं. काकांचं सुरू होतं दोनशे तेरापासून.

अगं बाई!

सहा वर्षांपूर्वीचा माझा पहिला आठवडा. एक जाडजूड कादंबरी सुटून दोन तुकडे झालेली आली होती, मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही. मी जेवायला गेले, परत येईतो दोन्ही एकच आहेत हे विसरले आणि दोन तुकड्यांची दोन पुस्तकं बांधली. पहिल्याच पानावर पुजारी दिसला म्हणून एक धर्म, प्रयोगशाळा दिसली म्हणून दुसरं विज्ञान. पुढे संकीर्ण. संकीर्ण म्हणजे काय, तर मला कळलं नाही, पण कपाटात जागा आहे.

तिथेच बसून सलग वाचली. दोघांनाही सारखीच धुणारी कादंबरी ती! हसून पोट दुखलं, मग स्वतःचाच असा राग आला की दाभण बोटात घुसवून घेतलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. दोन वर्षं मीठ सरकवत बसले, आणि ठिणगी टाकणारी मीच. दोन्ही भाग एकत्र शिवूनच घरी गेले.

सकाळी गवंडी दोरी लावून माप घेत होता. मी दोघांच्या मध्ये पुस्तक आपटलं आणि पान दोनशे बारा वाचलं. "पुजारी आणि शास्त्रज्ञ यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे..."

"यंत्र बंद होतं," बाबा ठसक्यात म्हणाले. दोन वर्षं ते वाक्य असंच पुरं करत होते.

मी समोरच्या पानावर बोट ठेवलं. "स्वतःखेरीज बाकी सगळे मूर्ख आहेत."

काकांचा चेहरा उतरला. हे वाक्य ते लेखकाचा उपदेश समजून रोज बाबांना ऐकवायचे.

मग बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "काकाला विचार, त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचं पुढे काय होतं?"

"मी नाही विचारणार! समोर बसलेत, तुम्हीच विचारा!" मी ओरडलेच.

काका खाकरले. "समितीचा अध्यक्ष होतो तो."

बाबांच्या नाकातून हसू फुटलं. काका जरा पुढे सरकले. "पण दादा, ते यंत्र बंद कशानं पडलं? माझ्या पुस्तकात कुठेच नव्हतं."

"अरे, झाडूवालीनं झाडताना बटण बंद केलं होतं!"

काका ठसका लागेपर्यंत हसले. बाबांनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"ताई, भिंत कुठून धरू?" गवंड्यानं विचारलं.

"थांब रे जरा," बाबा मान वर न करता म्हणाले, आणि पानं चाळता चाळता एकदम भडकले. "पण इतकं चांगलं पुस्तक मधून तोडलं कुठल्या गाढवानं?"

गप्प बसता आलं असतं. पण हिरवा दोरा माझाच होता. "मी," म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एका दमात म्हणाले, "तरीच!"

दोन वर्षांत पहिलं एकमत, तेही माझ्या अकलेवर! असा संताप आला, आणि डोळे कशानं भरले कोण जाणे. गवंडी दोरी गुंडाळायला लागला. मी आमच्या नळाखाली भांडं भरलं आणि काकूच्या हातात दिलं, सगळ्यांच्या चहाला.