वाकडी करंगळी

या खेपेलाही चेंडू लेम्युएलच्या हातातच बसला.

"अरे बाबा, सोड की तो!" दिग्दर्शक वैतागला. "तू टॉवेल देणारा गडी आहेस. चेंडू आला की घाबरायचं, डोळे फिरवायचे आणि धपकन पडायचं. लोकांना हसवायचंय आपल्याला."

"चुकलं साहेब. हात आपसूक जातो."

जाणारच. काळ्यांच्या बेसबॉल संघात फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलण्यात त्याची उमेदीची सारी वर्षं खर्ची पडली होती. त्या झेलांनी बोटं मोडली, उजवी करंगळी तर कायमची वाकडी झाली. पण चेंडू सुटला असं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागे पँटच्या पट्ट्यात अडकवले. चेंडू छातीवर आदळला, तो टॉवेलांच्या ढिगात कोसळला आणि सगळे पोट धरून हसले. लेम्युएलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी निराळीच पंचाईत झाली. सिनेमाच्या गोऱ्या नायकाला उघड्या हाताने झेल घ्यायचा होता आणि चेंडू दिसला की हे साहेब डोळे मिटत. तेव्हा सगळ्यांना लेम्युएल आठवला. रंगभूषाकाराने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गोरा रंगवला.

"घे, थोडा तरी गोरा झालास."

"बाकीच्याचं घरी विचारून सांगतो," लेम्युएल म्हणाला.

झेल पहिल्याच फटक्यात झाला. याची वाच्यता कुठे करू नकोस, अशी तंबी मिळाली. त्यानेही ती पाळली, अगदी बायकोजवळसुद्धा.

सिनेमा त्यांच्या वस्तीतल्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर लागला तेव्हा त्याची बायको अर्नेस्टीन रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चमधल्या सगळ्या बायकांना घेऊन आली. नवरा पडद्यावर दिसणार, म्हणून तिने ठेवणीतली टोपी घातली होती. लेम्युएलने येऊ नकोस म्हणून परोपरीने सांगून पाहिलं होतं.

तो टॉवेलांत कोसळला तसं थिएटर खदखदून हसलं. मागच्या रांगेतून चर्चमधली ब्यूला म्हणाली, "अगं अर्नेस्टीन, नवऱ्याच्या हाताला लोणी लावून पाठवलंस की काय?"

अर्नेस्टीन हसली नाही. याच माणसाचे झेल बघायला ती लग्नाआधी घरी थापा मारून मैदानावर जायची. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. लेम्युएलला तिच्याकडे बघवेना.

मग शेवटचा सामना आला. नायक धावला, आणि पडदाभर एक गोरा हात उंच गेला. चेंडू त्यात अलगद विसावला. बोटं मिटली, करंगळी तेवढी बाहेर राहिली, वाकडी.

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. अर्नेस्टीनने अंधारात चाचपडत नवऱ्याचा उजवा हात शोधला, एकेक बोट चाचपलं आणि करंगळी मुठीत घट्ट धरली.

"कुणाला सांगू नकोस," तो पुटपुटला.

"टाळ्या वाजव की गं," मागून ब्यूला म्हणाली. "काय झेल घेतला मेल्याने!"

"माझा हात अडकलाय," अर्नेस्टीन म्हणाली.