टरफलांची माती

बाबांनी तिसरी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. माती तपासायच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर लोक मातीचा नमुना कसा घासूनपुसून आणतात हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःच्या बापानं तरी तिचा असा अंत पाहू नये.

पहिल्या खेपेला त्यांनी माती पिठाच्या चाळणीनं चाळून आणली. दुसऱ्या खेपेला तव्यावर भाजून, कारण ओली माती म्हणे बरी दिसत नाही. दोन्ही पिशव्या तिनं न तपासताच परत केल्या आणि घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, की परसात पाच-सहा ठिकाणी वीतभर खणा, ती माती एकत्र करा, खडे असले तर असू द्या. पालथ्या घड्यावर पाणी. या खेपेला मात्र अगदी तसंच केलंय, असं ते शपथेवर सांगत होते.

घाईचं कारण आई होती. नातवाला सांभाळायला ती मुलाकडे गेली आणि तिथंच रमली. आपल्या नव्या घराच्या परसात नुसता राडारोडा आहे, माझं कुंडीतलं लिंबू इकडेच पाठवा, आणि झाड जिथं मी तिथं, हे तिचं पालुपद झालं होतं. परसातली माती लिंबू लावण्याजोगी निघाली, तरच ती परतणार होती.

निकाल आला. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा, हवा तसा. कुजल्या पाल्यातून येणारा सेंद्रिय कर्ब तर भरपूर. राडारोड्यावर? तिनं उरलेली माती कागदावर पसरली. तिच्यात अंड्याच्या टरफलांचा चुरा होता, इतका बारीक की तो करून लिंबाच्या कुंडीत घालणारी बाई तिला एकच माहीत होती, आई.

तिचं डोकंच फिरलं. तडक घर गाठून तिनं गॅलरी उघडली. कुंडी निम्मी रिकामी, मुळं उघडी, लिंबानं मान टाकलेली.

"बाबा, झाड जगवायला झाडाचीच माती उपसलीत?"

बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. "परसातली आणली असती तर तू नापास केली असतीस. मग ती आलीच नसती."

माती तपासतात ती पास-नापास करायला नव्हे, तिला काय कमी आहे ते कळायला, हे आता कुणाला सांगायचं? तिनं पहार उचलली आणि परसात हाणली. वीतभर खाली सिमेंट-विटांचा थर खणकन वाजला. पाणी मुरायला जागाच नव्हती. थर फोडायचा, काढायचा, चांगली माती भरायची, एवढंच काम होतं. खरी माती आणली असती तर तिच्यातला सिमेंटचा चुरा पाहून तिनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

तेवढ्यात बाबांना आईचा फोन आला. झाड कसं आहे, तिनं विचारलं.

बाबांनी कुंडीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"वाईट आहे," ते म्हणाले. "माती वाईट, झाड वाईट, मीही. तू ये."